रंध्याचं सूत

“ताठ उभी राहा गं. सारखी हलतेस काय?”

मी पाटावर उभी होते आणि आई माझ्या पायांशी बसली होती. मिरजेला जायचं म्हणून तिनं माझ्यासाठी नवा फ्रॉक शिवला होता आणि त्याचा घेर सारखा करण्यासाठी ती खाली टाचण्या लावत होती. पायात माझे ते बूट. उजवा साधा, बाजारातला. डाव्याला खाली काळ्या रबराचा जाडजूड थर.

“फिर,” आई म्हणाली. मी फिरले. “आणखी फिर.” मग तिनं टाचण्यांची डबी खाली आपटली. “अहो, बघा हो जरा इकडं. अजून वाकडाच लोंबतोय फ्रॉक. आधी डावीकडनं खाली यायचा, आता उजवीकडनं येतोय. चार महिने बूट घालून पोरीनं मिळवलं काय?”

तात्या, म्हणजे माझे वडील, ओसरीवर पाठमोरे बसून करवतीला धार लावत होते. त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“हाडच वाकडं बसलंय, तर फ्रॉक सरळ कुठनं पडणार?” ते म्हणाले.

ही शुक्रवारची संध्याकाळ. सोमवारच्या पॅसेंजरनं मला मिरजेला नेणार होते आणि तिथं माझ्या मांडीचं हाड पुन्हा तोडणार होते. मी तेव्हा सहावीत होते. आज मला नातवंडं आहेत, पण ‘तोडणार’ हा शब्द नुसता कानावर पडला तरी अजून हात मांडीकडं जातो.

झालं होतं असं, की पाच वर्षांची असताना मी तात्यांच्या लाकडाच्या थप्पीवरून पडले. तात्या रहिमतपुरातले नावाजलेले सुतार. दारापुढच्या शेडमध्ये फळ्यांची ही थप्पी रचलेली असायची, आणि मी म्हणजे माकडाची जात. मांडीचं हाड मोडलं. जुळलं, पण आखूड जुळलं. शाळेत पोरं मला ‘पाऊणपाय’ म्हणायला लागली. लेझमीच्या सरावात माझं पाऊल चुकलं की ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हे ठरलेलंच. मीही काही कमी नव्हते, एकेकाला चांगलं टोचून बोलायचे. पण तात्यांनी त्या दिवसापासून मला थप्पीच्या आसपास फिरकू दिलं नाही. शेडच्या उंबऱ्यात उभी राहिले तरी म्हणायचे, “घरात जा.” रागावून नाही हो. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

जूनमध्ये मिरजेच्या डॉक्टरांनी टेपनं माझे पाय मोजले. मोठ्यानं आकडे सांगितले, उजवा पावणेएकोणतीस इंच, डावा सत्तावीस पूर्णांक सात अष्टमांश. मला ते पाढ्यासारखे पाठ झाले. डॉक्टर म्हणाले, “जेवढा फरक आहे तेवढाच बूट उचलून घ्या. दिवाळीपर्यंत चालू दे. कंबर सरळ झाली तर विषय मिटला. नाही झाली, तर हाड आतून वाकडं जुळलंय असं समजायचं. मग ते तोडून नीट बसवावं लागेल.”

तात्यांनी स्टँडजवळच्या भगवानकाका सातपुत्यांकडून बूट करून घेतला. भगवानकाकांच्या हाताला तोड नव्हती. पण बूट घातल्यावर माझी डावी कंबर दुखायची थांबली आणि उजवी दुखायला लागली. आई म्हणायची, दुखणं जागा बदलतंय. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

त्या शुक्रवारी आई फ्रॉकच्या टाचण्या काढत होती, तेवढ्यात मी एक उद्योग केला. तात्यांची फूटपट्टी उचलली आणि बुटाखाली चिकटवलेलं रबर मोजलं. सुतारांच्या घरात इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला सूत म्हणतात. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. रबर भरलं नऊ सूत, म्हणजे एक इंच आणि वर एक सूत. मग मनातल्या मनात पायांची वजाबाकी केली. माझंही उत्तर आलं एक इंच आणि एक सूत.

मला वाटलं होतं, बूट चुकलेला निघेल. देवाला नारळसुद्धा बोलले होते. पण बूट बरोबर निघाला. म्हणजे हाडच वाकडं. मी पट्टी जागेवर ठेवली आणि न जेवता झोपले.

शनिवारी सकाळची शाळा. आई म्हणाली नको जाऊस, पण घरात बसून त्या भरलेल्या ट्रंकेकडे बघण्यापेक्षा शाळा परवडली. पहिलाच तास नलवडे बाईंचा, गणिताचा. आठवडाभर वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची वजाबाकी चालली होती. बाईंची रीत अशी, की पुस्तकातली उदाहरणं संपली की प्रत्येकानं आपल्या घरातलं एक उदाहरण आणायचं आणि फळ्यावर सोडवायचं.

आधी पोपट गेला. त्याच्या घरात पाऊण लिटर दूध होतं आणि त्यातलं एक अष्टमांश लिटर मांजरानं प्यायलं. पोपटनं तिनातून एक घालवला, आठातून चार घालवले आणि ऐटीत लिहिलं, उरलं दोन छेद चार, म्हणजे अर्धा लिटर.

“अरे पोपट,” बाई म्हणाल्या, “पाऊण लिटरातलं अर्धा लिटर उरलं, म्हणजे मांजर पाव लिटर प्यायलं. आत्ता तर एक अष्टमांश म्हणालास. मांजर आहे का म्हैस?”

वर्ग खो खो हसला. बाईंनी त्याला पुन्हा सांगितलं, की छेद वेगळे असताना वरचं वरून आणि खालचं खालून असं ओरबाडायचं नाही. आधी छेद सारखे करायचे. पावाचे अष्टमांश करायचे, मग वजाबाकी.

“उज्ज्वला, तू ये.”

मी उठले. मागून कुणीतरी पुटपुटलं, “पाऊणपाय आली.” म्हटलं, आज शेवटचा दिवस, काय व्हायचं ते होऊ दे.

“माझं उदाहरण पायाचं आहे, बाई,” मी म्हणाले. “उजव्या पायातून डावा पाय वजा.”

कुणी हसलं नाही. मी फळ्यावर लिहिलं, अठ्ठावीस पूर्णांक तीन छेद चार, वजा सत्तावीस पूर्णांक सात छेद आठ. तीन छेद चारचे सहा छेद आठ केले. ते मला सोपं होतं. छेद सारखे करायचे म्हणजे सगळ्याचं सूत करायचं, एवढंच. मग अठ्ठाविसातून सत्तावीस गेले, राहिला एक. सातातून सहा गेले, राहिला एक. उत्तर एक पूर्णांक एक छेद आठ. खडू ठेवला आणि जागेवर निघाले.

“थांब,” बाई म्हणाल्या. “छेद छान सारखे केलेस. सुतारांची पोर शोभतेस. पण उत्तर चुकलंय.”

“नाही बाई, बरोबर आहे.”

“कशावरून?”

“पायांत जेवढा फरक तेवढाच बूट उचललाय. मी काल मोजला. एक इंच आणि एक अष्टमांशच भरला.”

बाई हसल्या. “मग तुझा बूट चुकला असेल बाई! गणित नाही चुकत.”

हे त्या सहज बोलून गेल्या. पण बोलल्या आणि त्यांची नजर माझ्या डाव्या पायाकडे गेली. मीही खाली बघितलं.

“बाई,” मी म्हणाले, “कुठं चुकलं ते सांगा. लवकर सांगा.”

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. “वरती किती सूत आहेत?”

“सहा.”

“त्यातनं किती घालवायचेत?”

“सात.”

“सहातून सात जातात का?”

“नाही. म्हणून मी सातातून सहा घालवले.”

“असं उलटं कुणी सांगितलं तुला? मोठा आकडा दिसला म्हणून तो वर जात नाही. तात्यांकडं सहा सूत लाकूड आहे आणि गिऱ्हाइकाला सात सूत हवंय, तर तात्या काय करतील?”

“पुढच्या इंचातून घेतील.”

“मग घे की!”

मी अठ्ठाविसातला एक इंच मोडला. त्याचे आठ सूत, आधीचे सहा, मिळून चौदा. मागं राहिले सत्तावीस. सत्ताविसातून सत्तावीस गेले, काही नाही. चौदातून सात गेले, राहिले सात.

सात सूत! इंचसुद्धा नाही. आणि माझ्या पायाखाली होतं नऊ सूत रबर.

“दोन सूत जास्त आहे, बाई,” मी म्हणाले आणि मला एकदम रडायलाच आलं. “म्हणून आता उजवी कंबर दुखतेय. म्हणून फ्रॉक उजवीकडनं लोंबतोय. हाड वाकडं नाहीये.”

“अगं, रडतेस काय? काय झालं?”

“सोमवारी मिरजेला माझं हाड तोडणार आहेत.”

बाईंनी माझं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं. एरवी कुणी नाक ओढलं तरी त्यांना किळस यायची. “जा,” म्हणाल्या. “दप्तर राहू दे, पोपट आणून देईल. पळू नकोस हं.”

मी पळालेच.

तात्या शेडमध्ये एका चौकटीच्या फळीला रंधा मारत होते. मी उंबरा ओलांडून थेट आत गेले.

“घरात जा,” ते म्हणाले.

“नाही जाणार. तात्या, भगवानकाकांना बूट किती सूत उचलायला सांगितलात?”

“आठ.”

“आठ का? गणितानं सात येतात.”

“सातच आहेत,” तात्या म्हणाले. रंधा चालूच होता. “मला काय वजाबाकी येत नाही होय? पावणेएकोणतीस म्हणजे अठ्ठावीस आणि सहा सूत. त्यातनं डावा पाय गेला, राहिले सात सूत.”

“मग आठ का सांगितलेत?”

“एक रंध्याला. रंधा मारताना सूतभर जातंच. मापाला एक सूत जास्त धरल्याशिवाय मी कधी...”

रंधा थांबला.

“तात्या,” मी म्हणाले, “बूट रबराचा आहे.”

त्यांनी हातातल्या रंध्याकडे बघितलं, मग माझ्या बुटाकडे. वीस वर्षं एकच सवय अंगात मुरलेली. दाराला, खिडकीला, बैलगाडीच्या जुवाला, सगळ्याला रंध्याचं एक सूत. पोरीच्या पायालाही तेच धरलं, आणि त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

“रबराला रंधा कोण मारणार?” ते हळूच म्हणाले. मग मटकन फळीवरच बसले. “अगं आई गं. पोरीचं हाड तोडायला निघालो होतो मी.”

“पण तात्या, बूट नऊ सूत भरतोय. मी मोजलाय.”

“नऊ?” ते ताडकन उठले. “मी आठ सांगितले होते. भगवान्याच्या तर...”

मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्यांनी स्टँड गाठलं. भगवानकाका दुकानात एका चपलेचा अंगठा शिवत होते.

“भगवान, पोरीच्या बुटाला किती सूत रबर लावलंस?”

“नऊ पट्ट्या. एकेक सुताची.”

“मी आठ सांगितले होते!”

“आठच सांगितलेलं, रंगूदादा. वरचं एक आपल्याकडनं,” भगवानकाका अभिमानानं म्हणाले. “शाळेत जाणारं पोर, तळ झिजतो. मी सगळ्यांनाच झिजायला एक सूत जास्त देतो. त्याचा पैसा घेत नाही कधी.”

“अरे, मग दुसऱ्या बुटाला का नाही दिलंस?”

“दुसरा बूट तू माझ्याकडून केलास कुठं? तो बाजारातनं तयार आणलास!”

मला हसू आवरेना. एकानं रंध्याला दिलं, दुसऱ्यानं झिजायला दिलं, आणि दोघांनी मिळून मला चार महिने वाकडं चालवलं. अंगण नव्हतं वाकडं, बूट होता!

तात्यांनी सगळं सांगितलं तेव्हा भगवानकाकांनी कपाळाला हात लावला. “काढ गं पोरी, आधी तो बूट काढ,” म्हणाले. चामडं कापायची रापी घेतली आणि खालच्या दोन पट्ट्या सरासर उतरवल्या. पट्ट्या त्यांनी दुकानाबाहेर लांब भिरकावल्या. “चालून दाखव.” मी दुकानापुढं चालले. सहा वर्षांची लंगडायची सवय, ती काय लगेच जाते? त्यामुळे नुसतं बघून कुणालाच काही कळेना.

“घरी चल,” तात्या म्हणाले.

घरी येताच त्यांनी शेडमधल्या खुंटीवरून पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे लाकडाची लांब पट्टी. तिच्यात बसवलेल्या काचेच्या नळीत पाणी असतं आणि पाण्यात एक बुडबुडा. चौकट एका बाजूला उंच असली की बुडबुडा तिकडं पळतो. सरळ असली की मधल्या दोन रेघांत थांबतो.

“अहो, हे काय? पोरीला काय लावताय ते?” आई स्वयंपाकघरातून धावत आली.

तात्या थबकले. लाकूड मोजायचं हत्यार त्यांनी माझ्या अंगाला कधीच लावलं नव्हतं. आजही हात पुढं होईना. शेवटी मीच पाणसळ घेतली आणि पाठीमागं कमरेवर धरली.

“आई, तुझे अंगठे दोन्ही बाजूंच्या हाडांवर ठेव. त्याच्यावर पाणसळ टेकव. तात्या, तुम्ही बघा.”

मी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दोन्ही पायांवर सारखा भार दिला. मागं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. आईचे अंगठे गार पडले होते.

“तात्या?”

काही नाही.

“अहो, बोला की काहीतरी!” आई ओरडली. “तोंडाला कुलूप लावलंय का?”

“मधे आहे,” तात्या म्हणाले. “मधोमध आहे गं. केसभरसुद्धा सरकत नाहीये.”

माझा जीव भांड्यात पडला. आई तिथंच खाली बसली. आधी मला पोटाशी धरून रडली, मग एक सूत रंध्याचं हे ऐकलं आणि तात्यांवर जी बरसली! “रंधा? पोरीच्या पायाला रंधा? नशीब, पॉलिश नाही मारलंत!” असं म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. तात्या नुसते मान हलवत होते. त्या दिवशी त्यांना कुणी काहीही बोललं असतं तरी ते खुशाल ऐकून घेणार होते. दुपारी आम्ही तिघं पोटभर जेवलो. आईनं गूळ घालून शिरा केला होता.

सोमवारी मिरजेला गेलोच. तात्यांनी पाणसळ पंच्यात गुंडाळून बरोबर घेतली होती. डॉक्टरांनी मला उभं केलं, वाकवलं, चालवलं, पाठीवरून बोट फिरवलं.

“छान,” म्हणाले. “कंबर सरळ आहे.”

“मग ऑपरेशन?” आईनं विचारलं.

“कशाचं ऑपरेशन? सरळ हाड कशाला तोडायचं? चालण्याची सवय जाईल हळूहळू. वर्षानं पाय मोजून बूट बदलत जा.”

तात्यांनी हात जोडले. मग पंचा सोडून त्यांनी पाणसळ डॉक्टरांना दाखवली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली.

पुढं तात्या म्हातारे होईपर्यंत काम करत होते. लाकडाचं माप घेतलं आणि रंध्याचं एक सूत वाढवायची वेळ आली, की स्वतःशीच मोठ्यानं म्हणायचे, “हे लाकूड आहे.” गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा चळला.

पण त्या सोमवारचंच सांगते. मिरजेहून परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. आई न उघडलेली ट्रंक घेऊन आत गेली. मीही तिच्या मागं निघाले होते.

“उजे,” तात्यांनी हाक मारली. “इकडं ये.”

ते शेडमध्ये थप्पीजवळ उभे होते. सागाच्या फळ्यांची थप्पी, माझ्या डोक्याएवढी उंच. त्यांनी ती दोन्ही हातांनी हलवून बघितली. एका कोपऱ्यात जरा लचकत होती, तिथं पाचर ठोकली. पुन्हा हलवून बघितली.

“चढ,” म्हणाले.

“मी?”

“दुसरं कोण आहे इथं?”

मी फळ्यांच्या कडांना धरून चढले. डावा बूट एकदा घसरला. तात्यांचा श्वास मला ऐकू आला, पण ते काही बोलले नाहीत. वर जाऊन मी सरळ उभी राहिले. सहा वर्षांनी.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“सगळं दिसतंय. स्टेशनकडचा रस्ता दिसतोय.”

“बघ मग. उतरायचं झालं की हाक मार.”

मला वाटलं, आता ते कामाला लागतील. पण ते हललेच नाहीत. दोन्ही हात वर पसरून तिथंच उभे राहिले, मी पोटभर बघून होईपर्यंत.